पितळ देऊन घेतलेली गाडी

त्या काळी पेणच्या खाडीपट्ट्यातल्या लग्नांत नवरीला न्यायला मर्सिडीज येई. हस्तिदंती रंगाची, गोल दिव्यांची, बॉनेटवर सोनेरी चांदणी असलेली. पोरं आधी गाडीभोवती जमत आणि मग त्यांना मागच्या सीटवर नवरीशेजारी बसलेली बाई दिसे. गुडघ्याशी आवरून नेसलेलं लुगडं, कपाळावर हिरवं गोंदण, हातात सूप. नवरी रडत असली तरी ही ताठ बसलेली असे, जणू लग्न हिचंच आहे आणि बाकी सगळे वऱ्हाडी.

ती सगुणा धवलारीण. गाडी तिची.

आगऱ्यांच्या लग्नात देवांना आवतण जायचं ते गाण्यातून. हळद दळायची, मांडवाच्या मेढीला नमस्कार करायचा, नवऱ्याला न्हाऊ घालायचं, विहिणींची खोडी काढायची, सगळं गाऊन. ही गाणी म्हणजे धवले आणि ती गाणारी धवलारीण. जुनी माणसं म्हणत, भटजी उशिरा आला तर चालेल, धवलारीण आल्याशिवाय चुलीला जाळ घालू नये.

सगुणा धवले शिकली ती मिठागरावर. आई लाकडी फावड्यानं मीठ ओढायची, सगुणा तिच्यामागे. वाफ्यातलं पाणी आटलेलं असायचं, उन्हात मीठ डोळ्यांना चावायचं. फावडं पुढे गेलं की एक ओळ, मागे आलं की दुसरी. त्यामुळे पुढे आयुष्यभर तिच्या गाण्याला एक ओढ राहिली, काहीतरी जड स्वतःकडे खेचून आणल्यासारखी. नवरा लवकर गेला तेव्हा तिला वाटलं होतं, आता शुभकार्यात कोण बोलावतं? पण आई म्हणाली, "धवलारणीचं कुंकू गल्यात असतं गो, कपालावं नाय." आणि खरंच तिला बोलावणी येत राहिली. प्रत्येक लग्नातून मानाचं एक भांडं मिळे. कळशी, परात, समई, हंडा. माळ्यावर पितळेची रास लागली. दिवाळीत ती सगळं चिंचेनं घासून अंगणात उन्हाला मांडायची, तेव्हा बांधावरून जाणारी माणसं डोळ्यांवर हात धरत.

नव्वद साल उजाडलं आणि मांडवांत कर्णे आले. मग कॅसेट आल्या, अलिबागकडचे बँड आले, व्हिडिओवाल्याचे दिवे आले. धवल्यांना बोलावणं येई, पण आवाज लागायच्या आत "आजी, आता पुरं, कॅसेट लावायची हाय" म्हणायला कुणीतरी पुढे येई. आजी म्हणण्याइतकं तिचं वय नव्हतं.

एका लग्नात तर तिला परत पाठवलं ते भाड्याची भांडी नेणाऱ्या टेम्पोतून. उपड्या घातलेल्या मोठ्या टोपावर बसून ती घरी आली. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला चहूबाजूंनी भांडी वाजत होती.

तिचा धाकटा भाऊ जनू धरमतरच्या धक्क्यावर बार्जवर इंजिन सांभाळायचा. तो ओटीवर बसला होता. तिला उतरताना बघून तो हसला आणि लगेच गप्प झाला.

"हस की," सगुणा म्हणाली. "आपली आय बैलगारीतून गेली, आजी डोलीतून. टोपाव बसून आलेली मी पयलीच धवलारीन."

ती आत गेली. जनूला वाटलं रडत असेल. ती माळ्यावर चढली होती; पितळ मोजत नव्हती की रडत नव्हती, नुसती बघत बसली होती.

त्याच साली मिठागर बंद पडलं. मालकाच्या पोरांना मीठ नको होतं. कचेरीमागच्या पडवीत मालकाची जुनी मर्सिडीज उभी होती. मालक हयात होता तेव्हा मिठाच्या राशी बघायला त्याच गाडीतून यायचा आणि मिठाचा बांध येताच गाडी इतकी हळू घ्यायला लावायचा की बायका तिच्या बरोबरीनं चालत. आता तिच्या पुढच्या सीटवर कोंबडी अंडी घालत होती, दारं खाऱ्या वाऱ्यानं फुगली होती, आणि पेणचा भंगारवाला गॅसचा कटर घेऊन आला होता. गाडी त्यानं मालकाच्या मुनिमाकडून घेतली होती, तोडून विकायला.

सगुणा कामाचा उरलेला हिशोब घ्यायला गेली होती. कटरची निळी ज्योत बघून ती थांबली.

"चालती का रं ही?"

"आजी, हिच्यातली कोंबडी चालते," भंगारवाला म्हणाला.

"मंग तुना हिचा काय करायचा?"

"लोखंडाच्या भावानं जाईल. वजनावर."

सगुणानं गाडीला एक फेरी मारली. दारावरची धूळ पदरानं पुसली. आत चामड्याची सीट होती, फाटलेली, पण अजून सीट म्हणण्यासारखी.

"पितल घेतोस?" तिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी तिचा माळा रिकामा झाला. भंगारवाल्यानं तिच्याच अंगणात काटा लावला आणि एकेक हंडा, एकेक परात चढवली. प्रत्येक भांड्याला सगुणा नाव घेई: ही खाडीवरच्या दादर गावच्या पाटलांकडली, ही गडबच्या मोठ्या सुनेच्या लग्नातली, ही जुळ्यांच्या हळदीतली. भंगारवाला दयाळू होता की घाबरला होता कुणास ठाऊक, समई त्यानं काट्यावरून उचलून परत तिच्या हातात दिली. "ही राहू द्या. गाडीत दिवा लागंल," तो म्हणाला. मुनिमानं मालकाच्या घरून कागद आणवून दिले, आणि ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी बांधाबांधानं घरी आली. कोंबडी मागून चालत आली.

गावात एकच वाक्य महिनाभर फिरलं. सगुणेनं पितळ देऊन लोखंड घेतलं.

"लोखंडच घेतला," ती पाण्यावर भेटणाऱ्या बायकांना सांगे. "पन चाकाचा घेतला. तुमच्या हंड्याला हायत का चाका?"

आता गाडी चालवायची तर जनूच. तो इंजिनाचं झाकण उघडून बराच वेळ वाकून राहिला आणि वर आला तेव्हा त्याचा चेहरा सासरी ओळखीचं माणूस भेटल्यासारखा झाला होता. "बाय, डिझेल हाय गो! बार्जवरच्या इंजिनाचा धाकटा भाऊ."

त्या धाकट्या भावाला उठवायला सबंध हिवाळा गेला. अस्सल सुटे भाग परवडणारे नव्हते. जे मुंबईच्या जुन्या बाजारात मिळालं ते तिथून आलं, जे नाही ते धक्क्यावरच्या लेथवर घडवलं. पाण्याची नळी बार्जच्या नळीतून कापून काढली. सीटच्या फाटलेल्या जागी शिडाचं कापड शिवलं. रंग द्यायला आला पेणच्या गणपतीच्या कारखान्यातला रघू. मूर्तींचं काम संपलं की त्याचे हात मोकळे असत. त्यानं गाडीला गणपतीच्या सोंडेला द्यावा तसा हस्तिदंती रंग दिला, हळू, थरावर थर. चांदणी कुणीतरी कधीच उपटून नेली होती. रघूनं ती पत्र्यातून कापली आणि मुकुटाला लावतात तो सोनेरी लावला. मग दोन पावलं मागे सरकून म्हणाला, "सगुणाकाकी, डोळे तेवढे रंगवायचे राहिले. रंगवू?"

"नको. हिना रस्ता दिसतो."

गाडी सांभाळायच्या त्यांच्या रीती हळूहळू ठरत गेल्या. बॅटरी थकलेली, म्हणून गाडी नेहमी उतारावर लावायची. डिझेलचा काटा मेलेला, म्हणून जनू टाकीवर बोटं वाजवून आवाजावरून सांगायचा किती उरलंय. मागच्या काचा खाली होत नसत, म्हणून सगुणा पंखा जवळ ठेवायची. गाडी तापते, म्हणून गडबला एका दुकानापुढे थांबून पाणी घालायचं, आणि दुकानदाराकडून सोडा घ्यायचा, कारण त्याच्या विहिरीचं पाणी फुकट मिळतं. नारळी पौर्णिमेला धक्क्यावर सगळे होड्यांची पूजा करत, तेव्हा जनू मर्सिडीजला हार घालून खाडीच्या तोंडाशी आणून उभी करायचा. कुणी हसलं तर म्हणायचा, "डिझेल पिते ती बोटच."

आणि खाऱ्या वाऱ्यासाठी त्यानं बोटीचाच उपाय केला. लाकडी होड्यांना पावसाळ्याआधी मुशीच्या तेलाचा हात देतात, मुशी मासळीच्या काळजाचं तेल ते. लाकूड त्यानं कुजत नाही. जनूनं ते गाडीच्या पोटाला चोळलं. गंज खरंच थांबला.

गाडी रस्त्यावर आली तशी माणसं विचारायला येऊ लागली. सगुणाचं उत्तर ठरलेलं असे. गाडी मिळेल, पण गाडीबरोबर धवलारीण येईल, आणि ती गाईल.

"काकी, आमाला फक्त गारी पायजे होती."

"माज्याबगर चालत नाय ती."

"म्हंजी?"

"खरंच नाय चालत," जनू आतून ओरडे. "मागे बाय बसली नाय तर चाका उडतात."

माणसं हसत आणि कबूल होत, कारण मर्सिडीजमधून उतरलेल्या नवरीचा व्हिडिओ हवा असे. आमंत्रण गाडीला येतं हे सगुणाला पक्कं ठाऊक होतं. तिला त्याचं वाईट वाटत नसे. देवळात माणूस घंटा वाजवायला जातो की देव बघायला, हे देव कुठे विचारतो. एकदा मांडवात सुपावर हात ठेवून तिनं पहिली ओळ उचलली की म्हाताऱ्या पुढे सरकत, मग सुना, आणि कॅसेटवाला वायर गुंडाळून ठेवी. खाडीपट्ट्यात धवले पुन्हा वाजू लागले. लोक म्हणत, गाडीनं आणले.

मग रोह्याकडचं लग्न आलं.

सोनी ही शेजारच्याच गावची, मिठागरावरच वाढलेली मुलगी. तिला रोह्याला लागूनच असलेल्या अष्टमी गावच्या सुभाषचं स्थळ आलं. सुभाष रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टला जायचा, घरचं बरं होतं. त्यांच्या घरात शब्द चाले तो त्याच्या आत्याचा, पुतळीआत्याचा. ती स्वतः गाडी बघायला आली. जरीची साडी, हातात पर्स, आणि बोलताना पर्सचं बटन उघडबंद करायची सवय. गाडीभोवती फिरून तिनं चांदणीवर नख मारून बघितलं.

"गाडी चांगली ठेवलीय. नवरीला घेऊन अष्टमीला या, तिथून नवरानवरी पूल ओलांडून रोह्याच्या हॉलवर जातील. बँड आहे, भटजी आहे. धवले नकोत."

"गाडीबरोबर धवलारीन येते," सगुणा म्हणाली.

"येऊ दे ना. बसा गाडीत, जेवा, मानाची साडी घ्या. पण मांडवात तोंड उघडायचं नाय. कंपनीतले साहेब येणार हायत. आमचं घर आता सुधारलंय."

सगुणा लगेच नाही म्हणणार होती. पण मागे सोनीची आई उभी होती, पदराचं टोक दातात धरून. स्थळ चांगलं होतं, गाडीवरून बिनसायला नको होतं.

"बरं. मांडवात नाय उघडणार," सगुणा म्हणाली.

पुतळीआत्या गेल्यावर जनू म्हणाला, "गेल्यावं बघू गो. एकदा गाया लागलीस तं कोन थांबवतंय?"

"शब्द दिला तो दिला."

त्यानंतर मात्र तिला जेवण गोड लागेना. गाडीतून जायचं, उतरायचं, खुर्चीवर मुकं बसायचं, साडी घेऊन परत. हे एकदा झालं की पुढच्या लग्नाला लोक तेच मागतील, आणि का मागू नयेत? मग ती धवलारीण कसली, गाडीबरोबर येणारी आणखी एक चांदणी. पत्र्याची. टेम्पोतल्या टोपावर बसली होती तेव्हा निदान गाऊन तरी आली होती.

जनूला एकच उपाय ठाऊक होता. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यानं गाडी अशी काही सजवली की रस्त्यानं वळून बघावं. धुतली, पुसली, आणि रोह्याला पाहुणी जायची म्हणून मुशीच्या तेलाचा ताजा हात दिला. पोटाला दिला, चाकांच्या वरच्या पत्र्याला दिला, दारांच्या फटींना दिला, पायपुसण्यांच्या खालीही दिला. सगुणानं स्वतः चिंधी धरली. तेलानं लोखंड काळंभोर चमकलं तेव्हा तिला जरा बरं वाटलं.

वास? जी माणसं सकाळी डोळे उघडतात ती सुकत घातलेल्या बोंबलांसमोर, त्यांना कसला वास.

सकाळी सोनीला घेऊन गाडी निघाली. पुढे जनू आणि सोनीचा मामा, मागे सोनी, तिची आई आणि सगुणा. वडखळ मागे पडलं, गडब आलं. नेहमीच्या दुकानापुढे गाडी थांबली, जनूनं पाणी घातलं. दुकानाच्या ओट्यावरची मांजरं उठली आणि गाडीखाली जाऊन बसली. मग पलीकडच्या हॉटेलातून आणखी दोन आली.

"बघ बाय," जनू म्हणाला. "मांजराना पन मर्सिडीज कलते."

नागोठण्याहून वळून भिसे खिंडीचा चढ लागला. ऊन वर आलेलं, इंजिन तापलेलं, काचा बंद. सोनी खिडकीबाहेर बघत होती. खाडी सुटली होती, दोन्ही अंगांना सागाची झाडं होती, आणि तिला आता रडू यायला हवं होतं. ते येत नव्हतं. "काकी, गारीत बसली तं आपल्या धक्क्यावंच असल्यासारखा वाटतंय," ती म्हणाली. सगुणानं तिच्या पाठीवर हात ठेवला. कुणाला काही कळलं नाही.

अष्टमीत पुलाच्या अलीकडे वरात उभी होती. बँडवाल्यांनी लाल कोट घातले होते. सुभाष फेटा बांधून, व्हिडिओवाला दिवा धरून. गाडी थांबली तशी करवल्या धावल्या. पुतळीआत्यानं पुढे होऊन दार उघडलं.

खिंडीच्या चढावर शिजलेला सगळा वास एकदम बाहेर आला.

आत्या दोन पावलं मागे सरकली ती थेट बँडच्या ढोलाला टेकली. "अगं बाई! लग्नाला आलात की बाजाराला?" करवल्यांनी रुमाल काढले. एकजण हसली, मग सगळ्याच हसल्या. कंपनीतले कुणी पाहुणे होते, ते सभ्यपणे नदीकडे बघू लागले.

सगुणाला पहिल्यांदा वास आला. म्हणजे, दुसऱ्यांच्या तोंडांवर तिनं तो पाहिला. जनूचा चेहरा तेलाच्या चिंधीसारखा झाला होता.

"सोनी, उतर," पुतळीआत्या म्हणाली. "आपल्या शेजाऱ्यांची नवी मारुती आहे, तीतून जा. ही गाडी मागे लावा. लांब लावा."

सोनीनं एक पाय दाराबाहेर काढला आणि आईकडे बघितलं. आईची मान खाली. सगुणाला दिसलं, हा पाय जमिनीला लागला की संपलं. उद्या पेणपासून रोह्यापर्यंत हेच वाक्य फिरेल, मागच्यासारखं महिनाभर नाही, कायमचं. तिनं सोनीच्या गुडघ्यावर हात दाबला. "बस," ती म्हणाली. आणि दुसऱ्या दारानं स्वतः खाली उतरली, सूप घेऊन.

"सगुणाबाई, आपलं काय ठरलं होतं?" आत्या म्हणाली.

"मांडवान तोंड नाय उघडायचा." सगुणानं पुलापलीकडे बघितलं. "मांडव तं तिकडं हाय, विहीणबाय. हा रस्ता हाय."

सुपावर बोटं पडली. बँडमधल्या एकानं उगाच पिपाणी तोंडाला लावली होती, ती त्यानं खाली घेतली.

"खारी निघाली गो पाव्हनी, अष्टमीचे दारान,
विहीन नाक गो दाबते, भरल्या वरातीन.
विहिनीला इचारा गो कोनी, काल रातचे पानान
कोलबी होती का भेंडी होती, सांगावा इमानान."

म्हाताऱ्या बायका वरातीच्या मागे होत्या, त्या पुढे आल्या. कुणीतरी खुदकन हसलं, आणि या वेळी ते हसू गाडीवर नव्हतं. काल रात्री आत्याच्या घरी कोळंबी होती हे सगळ्या आळीला माहीत होतं.

पुतळीआत्यानं पर्सचं बटन उघडलं, बंद केलं. तिचा चेहरा लाल झाला. तिनं व्हिडिओवाल्याकडे बघितलं, पाहुण्यांकडे बघितलं. गप्प बसणं शोभलं असतं. पण ती सुधारली होती ती लग्नानंतर, आणि तिचं लहानपण गेलं होतं आजोळी, खाडीकाठीच. भर रस्त्यात विहिणीचा टोमणा अंगावर घेऊन गप्प बसायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं. पर्स तिनं करवलीच्या हातात दिली.

"कोलबी आमी गो खाल्ली, ताटान वारूनशी,
तुमी गो आनली नवरी, मुशी चोपरूनशी!"

मागच्या बायकांनी अशी आरोळी ठोकली की पुलावरचे सायकलवाले थांबले. "पुतळे! तुला येतंय गो अजून!" एक म्हातारी ओरडली.

सगुणाचं तोंड हसत नव्हतं, पण गोंदण हललं. किती दिवसांत कुणी तिला उलट ओळ टाकली नव्हती. टाळ्या मिळत, कौतुक मिळे, उत्तर मिळत नसे. तिनं सूप उंच धरलं.

"तेल लावला गो लोखंडा, गंज नाय धरवा,
हलद लावा गो नवऱ्याला, राग नाय धरवा."

"नवरा आमचा गो सोन्याचा, गंज कुठला धरील,
गारी तुमची गो पत्र्याची, चांदनी बघा, परल!"

"चांदनी परली तं परू दे, वाट हिना ठावी,
सोन्यासारख्या तुमच्या घरा, खारीची लेक द्यावी."

वरात कधी हलली ते कुणी ठरवलं नाही. सुभाष मर्सिडीजमध्ये सोनीशेजारी जाऊन बसला. मारुती मागे राहिली. बँड गप्प मागून चालला. पुलावर कुंडलिका नदीचं वारं लागलं, दारं उघडीच होती, वास नदीवर विरत गेला की लोकांना सवय झाली, कोण जाणे. गाडी जनूनं इतकी हळू घेतली की बायका तिच्या दोन्ही बाजूंनी चालत होत्या. एका बाजूला सगुणा, दुसऱ्या बाजूला पुतळीआत्या, आणि मधून हस्तिदंती छतावरून ओळी इकडून तिकडे.

हॉलच्या दाराशी, मांडवाच्या पहिल्या खांबाजवळ, पाळी आत्याची होती. तिनं कमरेवर हात ठेवून ओळ टाकली:

"गाया गो गायलीस रस्त्यान, मोठी धवलारीन,
आता गो मांडवी बघू दे, कोन ती जिंकील!"

सगळ्यांनी सगुणाकडे बघितलं.

सगुणानं सूप छातीशी धरलं आणि मांडवात पाऊल टाकलं. तोंड मिटलेलं.

बायका वाट बघत राहिल्या. आत्याची ओळ हवेत लोंबकळत राहिली.

"बोल ना गो," आत्या म्हणाली.

सगुणानं मान हलवली. बोटानं आधी खांब दाखवला, मग स्वतःचे मिटलेले ओठ.

"हरली! धवलारीण हरली!" करवल्यांतली एक म्हणाली.

"गप गो. हरली काय? शब्द पालतेय ती," मघाची म्हातारी म्हणाली. "पुतळे, तूच तोंड बांधलंस तिचं. बांधलेल्या बैलाशी टक्कर घेऊन कोन जिंकतं?"

आत्या उभी राहिली. तिच्या टोमण्याला उत्तर मिळालं नव्हतं. तो गिळता येत नव्हता आणि कंपनीतल्या साहेबांसमोर मागेही घेता येत नव्हता. साहेब, खरं तर, केव्हाचे पुढे येऊन उभे होते आणि त्यांची बायको विचारत होती, थांबलं का?

"सगुणाबाय," आत्या शेवटी म्हणाली, आणि हळू म्हणाली, "गा."

सगुणानं कानामागे हात नेऊन पुन्हा सांगायची खूण केली.

"ऐकलंस तू. गा म्हटलं. माझी ओळ फेड आधी, मग देवांना आवतण दे. सगळं कर. नीट कर, काही गाळू नकोस."

सगुणानं ओळ फेडली. ती इतकी तिखट होती की सोनीच्या आईनं ती पुढे कधी कुणाला सांगितली नाही. मग ती जमिनीवर बसली, सुपात तांदूळ घेतले, मानाची वाचलेली समई जनूनं गाडीतून आणून पुढे ठेवली, आणि तिनं डोळे मिटून देवांना बोलवायला सुरुवात केली. खाडीच्या देवाला, बांधावरच्या देवाला, गडबच्या शिवेवरच्याला, खिंडीतल्याला, नदीतल्याला. ज्या वाटेनं गाडी आली त्याच वाटेनं, एकेकाला नावानं. आवाजात तीच जुनी ओढ होती, फावड्याची. भटजी हातात पंचांग धरून ऐकत बसला. लाल कोटवाले जेवायला गेले.

त्या दिवाळीनंतर गडबच्या फोन बूथवर अष्टमीहून फोन आला. बूथवाल्यानं निरोप घरी आणून दिला. पुतळीआत्याच्या दिराच्या पोरीचं लग्न ठरलंय. गाडी मोकळी नसली तरी चालेल, धवलारीण तेवढी पाठवा. न्यायला माणूस येईल.

सगुणानं निरोप दोनदा सांगायला लावला. गाडी नसली तरी चालेल, हे वाक्य तिला पुन्हा ऐकायचं होतं. मग ती अंगणात आली. जनू बॉनेट उघडून वाकला होता.

"बोलावना मना आलाय," ती म्हणाली. "गारीला नाय."

जनू वर आला. त्याला कळलं. त्यानं हात पुसले आणि गाडीकडे जरा ओशाळून बघितलं. "मंग हिला घरी ठेवायची?"

"ठेवायची कशी? पितल दिलाय मी तिच्यापायी."

ती मागच्या सीटवर जाऊन बसली. गाडी उतारावर उभी होती, तोंड रस्त्याकडे. शिडाच्या कापडाच्या शिवणीवरून तिनं हात फिरवला.

"जनू, तेल लावलास का?"

"नाय गो बाय. या वक्ताला नाय लावत. मागं काय झाला ते आठवत नाय का?"

"लाव," सगुणा म्हणाली. "थोरा लाव. अष्टमीच्या बायका काहीतरी जुलवून बसल्या असतील, त्यांची ओल फुकट नको जायला."